ऑक्सिजन प्लान्टचं कुलूप आणि पांढरी पूड

कॉम्प्रेसरवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. शुद्धलेखनाकडे कानाडोळा करा.

माझा धंदा एअर कॉम्प्रेसरच्या सर्व्हिसिंगचा. भोसरी-चाकण पट्ट्यातले पेंटशॉप, बाटल्या भरण्याचे कारखाने, सीझनला एखादा साखर कारखाना. गेल्या महिन्यात ओळखीतून फोन आला, घाटाखालच्या एका तालुक्यातल्या सरकारी रुग्णालयातून. "ऑक्सिजन प्लान्ट चालू होत नाहीये, बघून जा. बिल निघायला वेळ लागेल," हेही त्यांनी आधीच सांगून टाकलं. प्रामाणिक माणसं.

गेलो. शेडला कुलूप. किल्ली कोणाकडे याचा शोध पाऊण तास चालला. शेवटी कुलूप तोडलं. आत प्लान्टच्या जोडीला मोडक्या खाटा, सलाइनची रिकामी खोकी आणि कुठल्यातरी वर्षाचं थर्माकोलचं मखर. कॉम्प्रेसरचा अवर मीटर बघितला: ४११ तास. म्हणजे २०२१ साली बसल्यापासून हे धूड सगळं मिळून जेमतेम सतरा दिवस चाललंय.

रिसीव्हर टाकीचा ड्रेन उघडला तर दीड बादली तांबडं पाणी. मग टॉवरच्या खालच्या सायलेन्सरकडे गेलो आणि तिथेच बसलो. खाली फरशीवर पांढरी पूड सांडली होती, तांदळाच्या पिठासारखी. या लाइनीतल्या माणसाला ती पूड दिसली की पुढचं तपासायची गरज राहत नाही.

ज्यांना ही लाइन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, एक टक्क्याहून थोडा कमी आर्गॉन. पीएसए प्लान्ट (दाब वाढवून-उतरवून वायू वेगळे करणारा) ऑक्सिजन "बनवत" नाही, नायट्रोजन बाजूला काढतो. दोन उभे टॉवर असतात, आत झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाचे बारीक मणी. दाबाखालची हवा सोडली की मणी नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन वरून निघून जातो. काही सेकंदांत मणी भरतात. मग त्या टॉवरचा दाब सोडायचा, फुस्सकन नायट्रोजन बाहेर, आणि तोवर काम दुसऱ्या टॉवरने करायचं. दोन बैलांची मोट म्हणा. आर्गॉन ऑक्सिजनसोबतच जातो म्हणून शंभर टक्के शुद्धता कधीच येत नाही. ९३ टक्के, तीन इकडे तीन तिकडे, एवढं रुग्णाला चालतं.

या मण्यांचा वैरी एकच, पाणी. नायट्रोजनपेक्षा ते पाण्याला आधी धरतात आणि मग सोडत नाहीत. म्हणून टॉवरच्या आधी ड्रायर, फिल्टर, साचलेलं पाणी आपोआप काढणारा ऑटो ड्रेन असा सगळा लवाजमा. प्लान्ट रोज चालला तर हा लवाजमा आपलं काम करतो. कोकणातले तीन-चार पावसाळे नुसता उभा राहिला, व्हॉल्व्ह थोडे उघडे राहिले, तर दमट हवा आत जाऊन बसते. मग कोणीतरी एक दिवस "चालतोय का बघू" म्हणून बटण दाबतं, ओले मणी दाबाच्या झटक्याने एकमेकांवर घासतात आणि त्यांचं पीठ होतं.

म्हणजे मशीन वापरून खराब झालेलं नाही. पडून खराब झालंय.

माझा प्रश्न: तुमच्या गावच्या, तालुक्याच्या दवाखान्यातला प्लान्ट चालू आहे का? असेल तर कोण चालवतो, कसा? मला तिथे काहीतरी लिहून द्यायचंय आणि नुसतं "नवीन झिओलाइट भरा" एवढं लिहून द्यायचं जिवावर येतंय. पुन्हा पीठच होणार.

ताकभात

दोन बैलांची मोट आवडली. इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. लिहीत राहा.

हिशेबनीस

धागा चांगला आहे, पण एक कडू गोष्ट कोणीतरी बोलायला हवी म्हणून बोलतो. मी लेखापरीक्षणात होतो.

तुमचा प्लान्ट मिनिटाला ५०० लिटरचा धरतो. पूर्ण चालला तर दिवसाला ७२० घनमीटर. कॉम्प्रेसर साधारण ४० किलोवॉट, युनिट १० रुपये धरा: दिवसाचे ९,६०० रुपये, म्हणजे घनमीटरला तेरा-साडेतेरा. सिलिंडरमधल्या ऑक्सिजनला सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने घनमीटरला २५ रुपये ७१ पैसे कमाल दर ठरवला होता, कर आणि वाहतूक वेगळी. कागदावर प्लान्ट जिंकला.

आता खरं बघा. तालुक्याच्या रुग्णालयात साध्या दिवशी किती ऑक्सिजन लागतो? मिनिटाला ४० लिटर धरतो, तेही उदार मनाने. दिवसाला ५८ घनमीटरसुद्धा नाही. सिलिंडरने भागवलं तर दीड हजार रुपये, महिन्याला ४५ हजारांच्या आत. प्लान्ट चोवीस तास सांभाळायचा तर तीन पाळ्या आणि एक बदली असे चार माणूस. माणशी १५ हजार धरले तरी ६० हजार. वीज, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार), फिल्टर अजून बाकीच. अधीक्षकाने कुलूप लावलं तो आळशी होता म्हणून नव्हे. त्याला गणित येत होतं.

रात्रपाळी

हिशेबनीस काका, तुमचा हिशेब बरोबर आहे. आता माझा ऐका. मी परिचारिका होते, ३१ वर्षं नोकरी, आता निवृत्त.

एक जम्बो सिलिंडर म्हणजे सात हजार लिटर. मास्कवर मिनिटाला दहा लिटर जाणारा पेशंट असेल तर साडेअकरा तास. नाकातून जोरात देणारं ते हाय-फ्लो मशीन लावलं आणि साठवर ठेवलं, तर दोन तासही नाही. एप्रिल २०२१ मध्ये माझ्या वॉर्डात ३४ पेशंट होते. रात्री मी औषधं कमी आणि सिलिंडरवरचे काटे जास्त बघत होते. वॉर्डबॉय सिलिंडर गडगडवत आणायचा त्याचा फरशीवरचा आवाज मला अजून झोपेत येतो. आणि तो पाना! एकच पाना होता मजल्याला. तो मी ॲप्रनच्या खिशात ठेवून फिरायची, कारण टेबलावर ठेवला की कोणीतरी उचलून न्यायचा.

त्या वेळी २५ रुपये ७१ पैशांनी कोणी देत नव्हतं हो. पैसे असूनही मिळत नव्हतं.

नाशिकला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिलला टाकीला गळती लागली आणि २२ माणसं गेली. ऑक्सिजन तिथे अंगणात होता. नळीतला दाब गेला, सुमारे अर्धा तास. एवढंच.

हिशेबनीस

ताई, मान्य. पण म्हणूनच विचारतो, त्या दिवशी हा प्लान्ट उभा असता तर चालला असता का?

रात्रपाळी

कोणी शिकवलं असतं तर चालवला असता. आम्ही काय काय नाही चालवलं त्या दिवसांत.

थेम्सकाठ

इंग्लंडमधून लिहितोय, इथल्या सार्वजनिक रुग्णालयांच्या इमारत-देखभाल विभागात आहे. तिकडे टंचाई होती, इकडे ऑक्सिजन भरपूर होता आणि तरी फजिती झाली. एप्रिल २०२० मध्ये वॉटफर्डच्या रुग्णालयाला आणीबाणी जाहीर करून नव्या रुग्णांना येऊ नका सांगावं लागलं. जानेवारी २०२१ मध्ये साउथएंडला दाब इतका ताणला गेला की रुग्णांची ऑक्सिजन पातळी ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवा असं ठरवलं गेलं.

अडचण टाकीच्या पुढे असते. द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशाला असतो, त्याचा वायू करायला बाहेर पातळ पंखांच्या नळ्यांचं वेपोरायझर असतं. मर्यादेपलीकडे खेचलं की त्याच्यावर बर्फाचा थर चढतो आणि वायू होणं मंदावतं. पुढे भिंतीतले पाइप, तेही जुन्या काळी, जुन्या रुग्णसंख्येसाठी टाकलेले. वॉर्डातल्या प्रत्येक खाटेला एकदम हाय-फ्लो लावायची वेळ येईल हे ड्रॉइंग काढणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं. माझ्या कामाच्या ठिकाणी आम्ही रात्री थंडीत वेपोरायझरवर पाण्याचे पाइप धरून बर्फ पाडत उभे होतो. तंत्रज्ञान म्हणाल तर बागेतला होज.

कॉम्प्रेसरवाले, तुमच्या अहवालात पाइपलाइनचा व्यास आणि शेवटच्या खाटेवरचा दाब जरूर मोजून लिहा. प्लान्ट दुरुस्त होईल आणि शेवटच्या खाटेवर नुसती फुंकर येईल, असं होऊ नये.

अर्धवट_इंजिनियर

त्या वर्षात आपल्याकडे इंजिनियरिंग कमी झालं नाही, हेही नोंदवू या. आयआयटी मुंबईत प्रा. मिलिंद अत्रे यांच्या गटाने नायट्रोजनचा पीएसए प्लान्ट ऑक्सिजनचा करून दाखवला, एप्रिल २०२१ मध्ये. कल्पना फार सुंदर. नायट्रोजन प्लान्ट कितीतरी कारखान्यांत उभेच असतात, त्यांच्या टॉवरमध्ये कार्बनची चाळणी असते. ती काढून झिओलाइट भरायचं, थोडे बदल करायचे. साडेतीन वातावरण दाबाला ९३ ते ९६ टक्के शुद्धता मिळाली. नवीन यंत्र आयात होऊन यायला महिने लागत असताना गावातच असलेलं यंत्र वळवून घ्यायचं.

डीआरडीओच्या प्लान्टचं तंत्र तर तेजस विमानातल्या वैमानिकाला ऑक्सिजन पुरवण्यासाठी केलेलं होतं. तेच जमिनीवर आणलं. ऑक्टोबर २०२१ पर्यंत पीएम केअर्सच्या निधीतून देशभरात मंजूर झालेल्या १,२२४ प्लान्टपैकी ११०० च्या वर सुरू झाले होते. एवढ्या कमी महिन्यांत! कुठल्याही देशाला अभिमान वाटावा असं काम.

निळा_फेटा

सुरू झाले होते. भूतकाळ. 😀

अर्धवट_इंजिनियर

निळा फेटा, तुम्ही प्रत्येक धाग्यावर हेच करता. सात हजारांवर लोकांना प्लान्ट चालवायचं प्रशिक्षणही दिलं होतं. आणि प्लान्टवर दुरून लक्ष ठेवता यावं म्हणून त्यात इंटरनेटला जोडणारं उपकरणसुद्धा होतं.

कॉम्प्रेसरवाला

भांडू नका, दोघांचंही बरोबर आहे. मी बघितलेल्या शेडमध्येही असला एक डबा भिंतीवर होता, अँटेनासकट. आत सिम होतं. ते कोणाच्या नावावर, रिचार्ज कोणी करायचा, हे तिथल्या एकालाही माहीत नव्हतं. आणि प्रशिक्षण घेतलेला मुलगा होता की! आयटीआय फिटर, कंत्राटी. कोविडचं कंत्राट संपलं तसा तो गेला. सध्या महाडच्या एमआयडीसीत आहे, मी फोन लावला. एका दमात सगळे व्हॉल्व्ह नंबरासकट सांगितले पोराने. "दर सोमवारी अर्धा तास चालवा म्हणून मी वहीत लिहून ठेवलं होतं साहेब." वही शोधली. मखराखाली होती.

हिशेबनीस साहेब, तुमच्या पोस्टवर दोन दिवस विचार करतोय. खोडून काढता येत नाही. पण चार माणूस धरायची गरज नाही असं वाटतं. तयार ऑक्सिजन साठवणारी बफर टाकी भरली की प्लान्ट आपोआप थांबतो, दाब उतरला की चालू होतो. ४० लिटरच्या वापराला दिवसातून दोन-तीन तास मशीन फिरेल. दिवसपाळीला एक जाणता माणूस, बाकी वेळ मॅनिफोल्डवर (एका पाइपला ओळीने जोडलेले) सिलिंडर, आपोआप बदल होणारा. तेवढ्याने मशीन कोरडं राहतं. अडचण एकच, बंद करून चालू केला की शुद्धता वर यायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर तो वायू वॉर्डात जाता कामा नये. त्यासाठी शुद्धता मोजणारा अनॅलायझर चालू हवा. इथला तिसऱ्या वर्षीच संपलाय, त्याचा सेन्सर बॅटरीसारखा झिजतो. बिचारा किती काळ टिकणार.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितो. वाचताना एक गोष्ट सारखी मनात येत होती.

ट्रूनॅट ठाऊक असेल. आमच्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं यंत्र, बॅटरीवर चालणारं, चिपवर पीसीआर करणारं. एसी खोली लागत नाही, तासाभरात निकाल. ते कोविडसाठी जन्मलंच नव्हतं, क्षयरोगासाठी बनवलं होतं. एप्रिल २०२० मध्ये आयसीएमआरने कोविडच्या तपासणीला परवानगी दिली आणि जिथे मोठी प्रयोगशाळा नव्हती अशा जिल्ह्यांत ते कामाला लागलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही क्षयरोगासाठी त्याची शिफारस केली.

महामारी ओसरली, यंत्राला कुलूप लागलं नाही. कारण थुंकीचे नमुने दुसऱ्या दिवशीही येतच होते. क्षयरोग कुठे गेलाय? तंत्रज्ञ तोच, चिपा त्याच यंत्रावर, आजार तेवढा बदलला. उद्या तिसरा आजार आला तर ते यंत्र गरम असेल, हात बसलेला असेल. तुमच्या प्लान्टला सोमवारचा अर्धा तास नाही, रोजचं काम शोधून द्या बाबा.

आणि हो, आमच्याकडचंही सांगतो, नुसतीच फुशारकी नको. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) मे २०२१ मध्ये पहाटेच्या दोन ते सहाच्या दरम्यान माणसं जात होती. उच्च न्यायालयापुढे हे सगळं आलं, त्यात सिलिंडरच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरने आणून जोडण्यातल्या अडचणीही आल्या. पुढे २० हजार लिटरची टाकी बसली. ट्रॅक्टर! एवढ्या मोठ्या इस्पितळाचा श्वास ट्रॅक्टरच्या रिव्हर्स गिअरवर.

रात्रपाळी

पहाटे दोन ते सहा. बरोबर. ती वेळ आम्हा सगळ्यांनाच ठाऊक आहे.

ताकभात

रोजचं काम म्हणजे काय देणार पण? पेशंट तर वाढवता येत नाहीत (आणि वाढू नयेत).

कॉम्प्रेसरवाला

मांडवीकाठ, तुमची पोस्ट मी छापून त्या अधीक्षकांना दाखवली. खरंच.

ताकभात, रोजचं काम म्हणजे सिलिंडर भरणं. प्लान्टमधून ऑक्सिजन चार-पाच बारला निघतो, सिलिंडर दीडशे बारला भरतो. मधे बूस्टर कॉम्प्रेसर लागतो आणि तो इथे बसवलेलाच नाही. तो असता तर तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचे आणि १०८ च्या गाड्यांचे छोटे सिलिंडर इथेच भरले असते. सध्या ते ९० किलोमीटरवरून भरून येतात, घाट उतरून. पावसाळ्यात दरड आली की दोन दिवस गाडी नाही. पण बूस्टर म्हणजे दीडशे बारचा ऑक्सिजन, तिथे तेलाचा एक थेंब चालत नाही, ग्रीसचा हात लावलेला पानासुद्धा नाही. पेट घेतं. माझ्यासारख्या तेलकट माणसाने त्या खोलीत पाऊलही टाकू नये. त्याला परवाना, वेगळी खोली, स्फोटक विभागाचे नियम. रुग्णालयाच्या आवारात ते करावं का, यावर मी स्वतः साशंक आहे.

हिशेबनीस

बूस्टरचा खर्च दाखवून तो प्रस्ताव मंजूर होणार नाही, मी लिहून देतो. दुसरं सुचवतो. वीजबिल आणि सिलिंडरचं बिल वेगवेगळ्या शीर्षाखाली जातं. सिलिंडर संपला तर खरेदीला पैसे असतात, प्लान्ट चालवला तर वीजबिल फुगतं आणि अधीक्षकाला खुलासा द्यावा लागतो. म्हणजे मशीन चालवणाऱ्यालाच नोटीस! तुमच्या अहवालासोबत एक साधा तक्ता जोडा: प्लान्ट तीन तास चालला तर वीज किती वाढते आणि सिलिंडर किती वाचतात. प्लान्टला वेगळा सबमीटर बसवा. माणूस नवा मागू नका, वॉटर पंप आणि जनरेटर बघणारा कोणीतरी असतोच, त्याच्या कामात हे घाला, भत्ता मागा. भत्त्याची फाइल हलते, पदनिर्मितीची हलत नाही.

निळा_फेटा

काका आज पहिल्यांदा कामाचं बोलले.

थेम्सकाठ

जनरेटरवरून आठवलं. लाइट गेली तर हा ४० किलोवॉटचा कॉम्प्रेसर रुग्णालयाच्या जनरेटरवर उचलतो का? सुरू होतानाचा झटका मोठा असतो.

कॉम्प्रेसरवाला

नाही उचलत. करून बघितलं. शस्त्रक्रियागृहाचे दिवे मिणमिणले, सर्जन बाहेर येऊन ओरडले. बरोबरच आहे त्यांचं. म्हणून सिलिंडरचं मॅनिफोल्ड काढायचं नाही, काही झालं तरी. त्याला वीज लागत नाही. २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा वीज नव्हती, रस्ते नव्हते. अशा दिवशी प्लान्टही नाही आणि टँकरही नाही, आवारात उभे असतील तेवढे सिलिंडर.

रानपाखरू

नंदुरबारचं कोणी लिहिलं नाही? तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी २०२० च्या सप्टेंबरातच, पहिली लाट उतरत असताना, प्लान्ट बसवायला घेतले. दुसऱ्या लाटेत शेजारच्या जिल्ह्यांतलेही पेशंट तिथे येत होते. ते स्वतः डॉक्टर, त्यामुळे उतरलेली लाट परत येते हे त्यांना सांगावं लागलं नसणार.

कॉम्प्रेसरवाला

अपडेट देतो, दोन महिने झाले.

झिओलाइट नवीन भरलं. जुने मणी काढताना टॉवरच्या तळाशी लगदा निघाला, पोह्यांसारखा. टॉवरच्या व्हॉल्व्हांचे रबर बदलले. ड्रायर दुरुस्त होण्यासारखा होता, नशीब. अनॅलायझर नवा. थेम्सकाठ, शेवटच्या खाटेवरचा दाब मोजला: महिला वॉर्डातल्या कोपऱ्यात कमी भरला. शोधलं तर रंगकाम करताना कोणीतरी त्या भागाचा झोनल व्हॉल्व्ह अर्धा बंद करून त्यावरच रंग मारला होता. चार वर्षं तसाच.

हिशेबनीस साहेबांचा तक्ता जसाच्या तसा जोडला. सबमीटर बसला. भत्त्याची फाइल जिल्ह्याला गेली आहे, अजून आलेली नाही. पंपावरचा माणूस सध्या विनाभत्ताच बघतोय, सकाळी नऊ ते बारा. पहिल्या दिवशी घाबरून लांब उभा होता. आता टॉवर बदलतानाचा "फुस्स" आवाज थोडा लांबला तरी मला फोन करतो. गुरुवारी अनॅलायझरवर ९३.६ आलं, तेव्हा त्याने फोटो पाठवला.

माझं बिल अजून निघालेलं नाही.

रात्रपाळी

पाने किती आहेत मजल्याला?

कॉम्प्रेसरवाला

ताई, दोन होते. तुमची पोस्ट वाचून सहा नेऊन दिले. साखळीने बांधलेत.

मांडवीकाठ

देव बरें करूं. रोज ड्रेन कोण काढतो?

कॉम्प्रेसरवाला

तोच. पण ऑटो ड्रेनची २४ व्होल्टची कॉइल जळलीय आणि तो जुना मेक आता मिळत नाही. पुण्यात कोणाकडे पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.